गिअरची सायकल विकू नका, आधी सीट वर घ्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाचे सहा-सात ओळींचे पत्र होते. हौसेने २१ गिअरची सायकल घेतली, चार महिन्यांत गुडघे धरले, आता ती जिन्याखाली धूळ खात उभी आहे, आपल्या रस्त्यांना गिअरची सायकल उपयोगाची नाही, असे त्यांचे म्हणणे. ते पत्र वाचून मी फार अस्वस्थ झाले. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः हेच पत्र लिहिले असते, म्हणून हे उत्तर. ते जरा लांबेल, पण शक्य तेवढे छापावे ही विनंती.

मी साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षे विज्ञान शिकवले. सायकल मला परकी नव्हती. वडिलांची काळी, उंच सायकल होती. मधल्या दांड्याखालून पाय घालून, हाफ पायडल मारत मी तिच्यावर शिकले. दर शनिवारी वडील तिची चेन पुसून तेल घालत आणि खंडेनवमीला तिला झेंडूची माळ पडे. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून मी स्वतःसाठी जी पहिली वस्तू घेतली ती गिअरची सायकल. पुढे पायडलपाशी तीन दातेरी चकत्या, मागच्या चाकाला सात, म्हणून एकवीस. दुकानदाराने रंग दाखवले, डिस्क ब्रेक दाखवले, एकवीस हा आकडा दोनदा सांगितला. हे गिअर कशासाठी, कधी आणि कसे बदलायचे, याबद्दल एक शब्दही नाही. सीटवर बसवून विचारले, "दोन्ही पाय टेकतात ना? मग झालं." मलाही तेव्हा ते बरोबरच वाटले.

समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वरचा घाट सुरू होतो. दरवर्षी हिल मॅरेथॉनला हजारो लोक धावतात तो, कासला जाणारा रस्ता. आठवड्यातून दोनदा पहाटे यवतेश्वरपर्यंत जाऊन यायचे असे मी ठरवले. दुकानातून सायकल ज्या गिअरमध्ये मिळाली होती त्याच गिअरमध्ये मी घाट चढत होते. एकदा चढावरच बोटाने हँडलवरचा गिअरचा खटका दाबला, तर चेन कर्रकर्र वाजली आणि निसटली. हात काळे झाले, मागून येणारी जीप हॉर्न वाजवत राहिली. त्या दिवसापासून मी खटक्यांना हातच लावला नाही. तिसऱ्या महिन्यात जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीपुढे कळ येऊ लागली. डॉक्टरांनी काही आठवडे सायकल बंद ठेवायला सांगितली, ते योग्यच होते. माझ्या मनाने मात्र निकाल देऊन टाकला: वय झाले, ही सायकल आपल्यासाठी नाही.

पोवई नाक्यापलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये सायकली दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. सायकलला गिऱ्हाईक मिळेल का, हे विचारायला मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी किमतीचे काही विचारलेच नाही. "बाई, भिंतीला हात टेका आणि सीटवर बसा," म्हणाले. मी बसले. "आता उजवी टाच पायडलवर ठेवा. पायडल पार खाली न्या." माझा गुडघा चांगलाच वाकलेला होता. त्यांनी मान हलवली, पाना घेतला आणि सीट चार बोटे वर घेतली. पुन्हा बसवले. टाच पायडलवर, पायडल तळाशी, गुडघा अगदी सरळ. मग टाच काढून चवडा ठेवायला सांगितला, तेव्हा गुडघा जरासा वाकला. "एवढाच वाक पाहिजे. तुम्ही इतके दिवस खुर्चीत बसून जिना चढत होता."

सीट खाली असली की प्रत्येक फेऱ्याला गुडघा नको तितका दुमडतो आणि त्या दुमडलेल्या अवस्थेतच सगळा जोर लावावा लागतो. वाटीवर दाब येतो तो तिथे. उलट सीट फार वर गेली तर कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि गुडघ्याची मागची बाजू दुखू लागते. सीटच्या दांड्यावर एक खूण असते, ती दिसेल इतका दांडा वर ओढायचा नाही. पाय टेकत नाहीत म्हणून घाबरायचेही कारण नाही. थांबताना सीटवरून पुढे सरकून खाली उतरायचे, सीटवर बसूनच पाय टेकायचा अट्टाहास सोडायचा. मला हे अंगवळणी पडायला आठ दिवस लागले.

पाऊल कुठे ठेवायचे, हेही त्याच दिवशी कळले. मी पावलाच्या मधल्या खोलगट भागाने पायडल दाबत होते. बहुतेक जण तसेच दाबतात, येता-जाता कुणाकडेही पाहा. चवड्याचा जाड भाग पायडलच्या आसावर आला की पोटरी आणि घोटाही कामाला लागतात, सगळे ओझे एकट्या गुडघ्यावर पडत नाही.

गिअरचे मात्र मिस्त्रींनी एकच वाक्य सांगितले. "बाई, गिअर पळण्यासाठी नसतात, पाय एका चालीत फिरावेत म्हणून असतात." बाकीचे मी घरी येऊन स्वतः करून पाहिले. इतकी वर्षे गतीचे नियम शिकवले आणि स्वतःच्या सायकलकडे त्या नजरेने कधी पाहिले नाही, याची मला मनापासून खंत वाटली.

प्रयोग कुणालाही करता येईल असा आहे. अंगणात खडूने रेघ मारली. मागच्या टायरवर खडूची खूण केली, ती रेघेवर आणली, पायडलचा बरोबर एक फेरा होईल इतकी सायकल पुढे नेली आणि टेपने अंतर मोजले. माझ्या सायकलला पुढे ४२, ३४ आणि २४ दाते आहेत, मागे १४ पासून २८ पर्यंत. सर्वांत जड गिअरमध्ये, म्हणजे पुढे ४२ आणि मागे १४, एका फेऱ्यात सायकल सहा मीटरहून थोडी जास्त गेली. सर्वांत हलक्या गिअरमध्ये, पुढे २४ आणि मागे २८, ती गेली पावणेदोन मीटर. वडिलांच्या जुन्या सायकलला पुढे ४४, मागे १८ दाते होते आणि चाक मोठे. तिचा हिशेब साडेपाच मीटरच्या आसपास येतो. तिला तेवढा एकच गिअर. म्हणून वडील चढ आला की उतरून चालत आणि त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

आता घाटाकडे या. माझ्यासारखी साठीतली बाई यवतेश्वरचा चढ ताशी ६ किलोमीटरने चढते, म्हणजे मिनिटाला १०० मीटर. पहिले तीन महिने मी पुढे ३४ आणि मागे २० दात्यांवर होते. त्या गिअरमध्ये एका फेऱ्यात साडेतीन मीटर जातात, म्हणजे मिनिटाला २८-२९ फेरे. तोच वेग सर्वांत हलक्या गिअरमध्ये राखला तर ५६-५७ फेरे. काम तेवढेच, वेग तेवढाच, पण फेरे दुप्पट झाल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर निम्म्यावर येतो. शंभर किलोची गोणी एकदम उचलायची की पन्नासची दोनदा, एवढाच हा फरक. गुडघ्याला तो पहिल्या दिवशी कळतो. मी दोन आठवड्यांनी पुन्हा घाटात गेले, हलक्या गिअरमध्ये, आणि यवतेश्वरच्या कमानीशी पोहोचले तेव्हा दमले होते, पण दुखत कुठेच नव्हते. तिथे कट्ट्यावर बसून मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

सपाटीवर पायांची चाल मिनिटाला ७० ते ८० फेऱ्यांच्या आसपास राहिली तर बरे वाटते. मोजायला यंत्र नको. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर आला ते मोजा आणि चाराने गुणा. पन्नासच्या खाली गेले की गिअर हलका करायचा, पाय नुसतेच भिरभिरू लागले की जड करायचा.

हातातल्या आकड्यांचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. डावा हात पुढच्या तीन चकत्यांसाठी, उजवा मागच्या सातांसाठी. दोन्हीकडे १ म्हणजे हलका. पण पुढची १ नंबरची चकती सर्वांत लहान असते आणि मागची १ नंबरची सर्वांत मोठी. पुढे लहान तितके हलके, मागे मोठे तितके हलके, हे एकदा डोक्यात बसले की आकडे पाहावेच लागत नाहीत.

शिवाय हे एकवीस गिअर खरे एकवीस नाहीत. पुढे ४२ आणि मागे २८ घेतले तर भागाकार दीड येतो. पुढे २४ आणि मागे १६ घेतले तरी दीडच! आणि पुढे ३४, मागे २२ घेतले तर दीडच्या अगदी जवळ. तिन्हींत पायाला जवळजवळ सारखेच वाटते, पण पहिल्यात चेन बाहेरच्या चकतीवरून आतल्या चकतीकडे तिरकी ओढली जाते. दुसऱ्यात ती उलट बाजूने तिरकी होते. तिसऱ्यात जवळपास सरळ राहते. तिरकी चेन घासते, आवाज करते, स्वतः झिजते आणि दातेही झिजवते. म्हणून मधल्या चकतीवर मागचे सगळे गिअर वापरावेत, लहान चकतीबरोबर मागचे १ ते ४ आणि मोठीबरोबर ४ ते ७. साताऱ्यात रोजच्या फिरण्याला पुढची मधली चकती पुरते. डाव्या हाताचे काम घाट लागला की.

गिअर बदलायची वेळ चढाच्या आधी. चेन एका चकतीवरून दुसरीवर जाते ती चालता चालता, बाजूला ढकलली जाऊन. पायाने पूर्ण जोर लावलेला असताना ती ताठ ताणलेली असते, म्हणून दात्यांवर चढत नाही, नुसती करकरते आणि माझ्यासारखीची निसटते. खटका दाबताना पाय फिरते ठेवायचे, पण क्षणभर जोर काढून घ्यायचा, जिन्यावर शेवटच्या पायरीला पाऊल हलके पडते तसा. एका वेळी एकच खटका. सायकल उभी असताना बदलायचे नाही. चौकात थांबायचे दिसले की थांबण्याआधीच दोन गिअर हलके करून ठेवायचे, म्हणजे निघताना पायडलवर उभे राहून झटका द्यावा लागत नाही. गुडघ्याला सर्वांत जास्त त्रास या झटक्यांनीच होतो, असे माझे निरीक्षण आहे.

पायडलविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती न कळल्याने आमच्या कॉलनीतल्या एका मुलाची नवी क्रँक, म्हणजे पायडल ज्याला बसते तो दांडा, वाया गेली. डावे पायडल ढिले झाले म्हणून त्याने पाना घेऊन, आपण सगळे स्क्रू आवळतो तसे, उजवीकडे फिरवले. ते आणखी सैल झाले. तसेच तो दोन दिवस शाळेत गेला आणि क्रँकचे आटे पार गेले. डाव्या पायडलचे आटे मुद्दाम उलटे असतात. कारण मुलांना दाखवायला सोपे आहे. सैलसर मुठीत पेन्सिल धरा आणि तिचे टोक गोल फिरवत मुठीच्या आतल्या बाजूवर दाबत न्या. पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेने फिरू लागते. पायडलच्या आसाचे क्रँकच्या भोकात तेच होते. डावीकडेही सरळ आटे ठेवले असते तर चालवता चालवता पायडल आपोआप सुटत गेले असते. पाना वरच्या बाजूला धरून सायकलच्या पुढच्या चाकाकडे ढकलला की पायडल आवळते, मागच्या चाकाकडे ओढला की सुटते. डावे असो वा उजवे, दोन्हींना हेच लागू. बसवताना मात्र आधी ग्रीसचे बोट लावून हाताने तीन-चार फेरे फिरवावेत. हाताने फिरत नसेल तर आटे तिरके बसले आहेत, तिथे पान्याने जोर करू नये.

सायकल आडवी ठेवायची असेल तर डाव्या अंगावर. उजवीकडे मागच्या चाकापाशी डिरेलर लोंबत असतो, चेन सरकवणारा. तो ज्या लहानशा पट्टीवर टांगलेला असतो तिला हँगर म्हणतात आणि ती मऊ असते. सायकल उजवीकडे पडली की ती आत वाकते. नंतर घाटात सर्वांत हलका गिअर टाकताच डिरेलर थेट तारांत अडकतो, चाक जागीच थांबते. उजव्या बाजूला पडलेली सायकल नीट पाहिल्याशिवाय १ नंबरवर नेऊ नका. मागून पाहिले तर डिरेलर आणि चकत्या एका रेषेत दिसायला हव्यात.

चेनसाठी शाळेतली फूटपट्टी पुरते. चेनच्या एका खिळ्याच्या मध्यापासून पुढच्या खिळ्याच्या मध्यापर्यंत बरोबर अर्धा इंच असतो. नव्या चेनवर पट्टीचे शून्य एका खिळ्यावर धरले तर १२ इंचांच्या रेघेवर त्याच्या पुढचा चोविसावा खिळा बरोबर येतो. तो रेघेच्या पुढे एक सोळांश इंच गेला की चेन बदलावी. एक अष्टमांश गेला असेल तर त्या चेनने मागच्या चकत्यांचे दातेही खाल्लेले असणार आणि नवी चेन त्यावर घसरणार. काही शे रुपयांची चेन वेळेवर बदलली तर बाकीचे वाचते. तेल चेनच्या आतल्या बाजूला, सांध्यांवर थेंब थेंब घालावे आणि मग बाहेरचे सगळे फडक्याने पुसून काढावे. बाहेर राहिलेले तेल धूळ ओढून घेते आणि त्याची कानस होते. वडील शनिवारी हेच करत. मी तेव्हा नुसती पाहत होते.

आमच्या भागातली मुले हलका गिअर टाकणाऱ्याला चिडवतात. घाट मोठ्या चकतीवर चढणे हाच पराक्रम, असे त्यांना वाटते. ही समजूत जुनी आहे. टूर द फ्रान्स ही जगप्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू करणाऱ्या हेन्री देग्रांज यांनी त्याआधीच्या वर्षी लिहिले होते की गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी. त्या शर्यतीत डिरेलरला मुभा मिळाली ती १९३७ साली. तोवर जगातले सर्वांत तगडे सायकलपटू डोंगराच्या पायथ्याशी उतरून, मागचे चाक काढून, उलटे बसवून दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चकतीवर पुढे जात. आज तीच शर्यत जिंकणारे डोंगरात हलक्या गिअरवर भरभर पाय फिरवताना दिसतात. मुलांना मी त्यांचे पाय पाहायला सांगते.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. सायकल विकणाऱ्यांना: बिल करण्याआधी गिऱ्हाइकाला भिंतीशी बसवा, टाचेने सीट लावून द्या आणि त्याला गल्लीत एक चक्कर मारायला लावून तीन वेळा गिअर बदलून घ्या. अर्धा तास जाईल. मिस्त्रींनी तो अर्धा तास माझ्यासाठी दिला, मी त्यांच्याकडून सायकल घेतलेली नसताना, आणि पैसे विचारले तेव्हा हात जोडले. शाळांना: आठवी-नववीला गती, बल आणि यंत्रे शिकवताना एक तास सायकल वर्गात आणा. खडू, टेप आणि फूटपट्टी शाळेत असतेच. माझी शाळेत असतानाची एवढी वर्षे गेली आणि मी ते केले नाही, म्हणून आता दर रविवारी सकाळी सात वाजता आमच्या कॉलनीच्या मैदानावर करते. सध्या अकरा मुले येतात आणि तीन आया. त्यातल्या एकीने परवा पहिल्यांदा न उतरता यवतेश्वर गाठले.

ज्यांचे पत्र आले होते त्यांना एवढेच सांगायचे आहे. सायकल अजून विकली नसेल तर जिन्याखालून काढा. चाकांत हवा भरा, किती ते टायरच्या कडेला छापलेले असते. टाच पायडलवर ठेवून सीट लावा. गुडघा अजून दुखत असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा आणि पहिले पंधरा दिवस फक्त सपाटीवर, पुढची मधली चकती आणि मागची चौथी-पाचवी. साताऱ्यात असाल तर रविवारी मैदानावर या, पाना माझ्याकडे आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
शाहूपुरी, सातारा